सही राहिलेला नकाशा

"चालून बघितलासा काय?"

कोणीही टेबलावर नकाशा पसरला की अण्णांचा हा पहिला प्रश्न. विचारताना ते नकाशाकडे बघतच नसत. बघत ते समोरच्याच्या पायांकडे. पायांत चकचकीत बूट असले तर उत्तराची वाटही न बघता नकाशाची घडी घालून परत देत आणि म्हणत, "बघून या, मग बोलू."

एकदा नव्याने आलेल्या साहेबांनी दोन गावांमधला रस्ता पट्टी लावून सरळ रेघेत आखला. अण्णांनी तो बघितला आणि म्हणाले, "रेघ झ्याक हाय साहेब. खरं मधी हीर हाय." साहेब म्हणाले, नकाशात तर विहीर कुठे दिसत नाही. अण्णा म्हणाले, "नकाशात न्हाय दिसायची. पडल्यावर दिसंल की."

तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेल, ज्याला कामाची सगळी माहिती असते आणि म्हणूनच ज्याला मीटिंगला बोलवायला लोक कचरतात. आमचे अण्णा त्या जातीचे. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. तो हक्क मी घालवून बसलो आहे, कसा ते पुढे येईलच.

अण्णा सीमेकडच्या गावातले, लिंगायत. घरात अर्धं कानडी चालायचं. आईला अव्वा म्हणायचे. कपाळावर विभूती, डब्यात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. मोजणीची साखळी ओढणारा माणूस म्हणून नोकरीला लागले आणि जिल्हा पायाखाली घालत घालत शाखा अभियंता झाले. रस्त्यात कोणी "पावणं, अमुक गाव किती लांब?" असं विचारलं की ते उलट विचारत, "कुणाच्या पायानं?" पावणा गोंधळला की मग त्याला नीट, झाडाझाडानिशी वाट सांगत.

एका गोष्टीत मात्र त्यांच्याशी थट्टा चालत नसे. "सगळ्यास्नी एकच माप," हे त्यांचं दुसरं पालुपद. त्यांच्या गावाकडचा रस्ता रुंद करायचा निघाला तेव्हा सख्ख्या भावाच्या बांधावरचं आंब्याचं झाड आखणीत आलं. भाऊ म्हणाला, फूटभर सरकव, कोण बघतंय. अण्णा म्हणाले, "झाड दुसऱ्याचं असतं तर सरकवलंबी असतं." आंबा गेला. भाऊ त्यांच्याशी मरेपर्यंत बोलला नाही. ही गोष्ट अण्णा हसत सांगायचे, आम्हीही हसायचो. मला तेव्हाच थोडं भ्यायला हवं होतं.

ही हकीकत दोन हजार सालानंतरची. हायवे रुंद व्हायला लागला होता आणि वाहनांचा वेग वाढला होता. अशात वरून आदेश आला की कळंब्याच्या तळ्यापासून शहराच्या कडेने, नदी ओलांडून शिरोलीपर्यंत आणि तिथून पुढे डोंगराच्या पायथ्यापर्यंत पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी वेगळी वाट करायची. तिचा आराखडा करायला कन्सल्टंट नेमायचा होता. निवड करायला तिघांची समिती बसली: मोठे साहेब, लेखा विभागाचे एक अधिकारी आणि अण्णा. मी निविदा शाखेत क्लार्क. आलेले कागद तपासायचे, पानं मोजायची, कुठे सही-शिक्का राहिला का ते बघायचं, हे माझं आणि हेडक्लार्कचं काम.

ऑफिसातल्या बाकीच्यांना ही वाट म्हणजे बड्या लोकांच्या सकाळच्या फिरण्याची सोय वाटत होती. अण्णांना तिच्यात एकच जागा दिसत होती, ती म्हणजे नदीवरचा पूल. शिरोलीच्या फाउंड्र्यांमध्ये कामाला जाणारे शेकडो लोक रोज सकाळी सायकलवरून तो पूल ओलांडत. एका बाजूला ट्रक, दुसऱ्या बाजूला कठडा, मध्ये हातभर जागा. उसाच्या दिवसांत दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर आले की ती हातभर जागाही राहत नसे.

त्या शेकडो लोकांत अण्णांचा जावई होता. हे ऑफिसात फक्त मला माहीत होतं, कारण जावई शिवाजी पेठेत आमच्याच गल्लीत भाड्याने राहायचा. मोल्डिंगच्या खात्यात होता. एके काळी पेठेच्या टीमचा गोलकीपर. पंजे असे रुंद की चहाचा कप त्यात दिसायचाच नाही. अण्णांची मुलगी लीला त्यांना अप्पा म्हणायची आणि मला दादा. समिती नेमल्याचं पत्र आलं त्या दिवशी अण्णांनी मला जिन्यात गाठलं. "जावयाचं हिथं कुणाला बोलू नगंस. म्हणतील, म्हातारा घरासाठी पूल मागाय लागलाय." मग दोन पायऱ्या उतरून पुन्हा वर आले आणि म्हणाले, "आन मागाय तर लागलोयच की."

कन्सल्टंट निवडायची आमची रीत म्हणजे दोन लिफाफे. पहिल्यात कामाचा आराखडा आणि अनुभवाचे कागद, दुसऱ्यात दर. पहिला पास झाला तरच दुसरा उघडायचा. अण्णांनी त्यात एक गोष्ट घातली. निविदा भरण्याआधी प्रत्येक कंपनीने समितीच्या माणसाबरोबर ही वाट पायी चालावी, असं निविदा भरू पाहणाऱ्या तिन्ही कंपन्यांना सारख्याच मजकुराचं पत्र गेलं. साहेबांनी सही केली ती पत्र न वाचता.

मुंबईच्या कंपनीने कळवलं की आमच्याकडे वरून घेतलेले फोटो आहेत, चालण्याची गरज नाही. पुण्याची कंपनी आली ती जीपमधून. पुलाजवळ उतरून त्यांनी एकमेकांचे फोटो काढले आणि मिसळ कुठे चांगली मिळते ते विचारलं. अण्णांनी पत्ता दिला. चालून बघितलेलं, खात्रीचं दुकान.

सांगलीचा माणूस एकटाच आला. चाळिशीचा, जाड चष्मा, पायांत कॅनव्हासचे बूट आणि पावसाळा नसताना काखेत छत्री. पहाटे आम्ही तिघे कळंब्याच्या तळ्यावरून निघालो. तुरुंगाच्या भिंतीच्या कडेने शहरात आलो, शहर मागे टाकून नदीकडे. अण्णा पुढे, सांगलीकर मागे, मी टेप घेऊन त्यांच्या मागे. सांगलीकर दर थोड्या वेळाने थांबून वहीत काहीतरी लिहायचा आणि अण्णा न बोलता थांबायचे. त्यांना कोणासाठी थांबलेलं मी त्याआधी बघितलं नव्हतं.

पुलाशी पोचलो तेव्हा शिफ्टला जाणाऱ्या सायकली सुरू झाल्या होत्या. सांगलीकराने तिथल्या पंक्चरवाल्याकडून एक सायकल मागून घेतली आणि त्या रांगेत घुसला. परत आला तेव्हा त्याचा चष्मा नाकावरून घसरला होता. सायकल भिंतीला लावून तो जमिनीवरच बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "इथे सायकलींना वेगळी पट्टी नसेल, तर बाकीची वाट नुसती हवा खायला. माझ्या नकाशात मी पूल शेवटच्या टप्प्यात टाकलाय. तो पहिला घेतो. आजच बदलतो."

अण्णांनी त्याला हात देऊन उठवलं. "चला, च्या घिऊ," एवढंच म्हणाले. पण परतीच्या वाटेवर त्यांनी मला शेंगदाणे घेऊन दिले, आणि हा माणूस कोणाला काही घेऊन देणाऱ्यांतला नव्हता.

आता आमच्या ऑफिसातली कपाटाआडची सही सांगायला हवी. निविदेच्या प्रत्येक पानावर सही आणि शिक्का लागतो. एखाद्या पानावर राहिला की नियमाने अख्खी निविदा बाद. पण शंभर-दीडशे पानांत एखादं पान निसटतंच. अशा वेळी आमच्याकडे माणसाला पावतीच्या निमित्ताने बोलवायचे, लोखंडी कपाटाच्या मागे उभं करायचे आणि तिथे तो सही करून जायचा. कोणी लिहून ठेवायचं नाही, कोणी बोलायचं नाही. यात लबाडी आहे असं आम्हाला कधी वाटलं नाही. शाळेत मास्तर विसरलेलं नाव लिहायला लावतात तितपतच ते होतं. अण्णांना ही रीत माहीत होती. ते त्या कपाटाकडे फिरकत नसत इतकंच.

छाननीच्या दिवशी सकाळी पुण्याच्या कंपनीच्या दोन पानांवर शिक्का नव्हता. हेडक्लार्कने फोन केला, त्यांचा माणूस आला, कपाटाआड गेला, आला. मी समोरच बसलो होतो.

दुपारी मी सांगलीकराची पानं तपासत होतो. सगळी चोख. शेवटी घडी घातलेला पुलाचा नकाशा. तो नंतर बदलून लावलेला, कागदही नवा करकरीत. त्याच्यावर सही नव्हती. ज्या पानासाठी तो माणूस जीव मुठीत धरून पुलावर सायकल चालवून आला होता, नेमकं तेच पान घाईत तसंच राहिलं होतं.

मी नकाशा घेऊन अण्णांकडे गेलो. खरं तर जायचं काही कारण नव्हतं. सांगलीकर समोरच्या हॉटेलात निकालाची वाट बघत बसला होता. मी त्याला परस्पर बोलावलं असतं तर दोन मिनिटांत काम झालं असतं. पण मला अण्णांकडून शाबासकी हवी होती. त्यांच्या माणसाला मी वाचवतोय हे त्यांना दिसायला हवं होतं. मी हसत म्हणालो, "अण्णा, सांगलीकरांची सही राहिलीय एका पानावर. बोलावून आणू का?"

अण्णांनी नकाशा हातात घेतला. बराच वेळ त्यावरून बोट फिरवलं.

"कुणाकुणाला म्हाईत हाय ह्ये?"

"तुम्हाला आणि मला."

"म्हंजे दोघास्नी म्हाईत हाय."

"अण्णा, सगळेच करतात की."

"करत्यात. त्यांचा जावई जात न्हाय त्या पुलावरनं. मी आता ह्येला सही कराय बोलावलं, तर उद्या मलाच कळायचं न्हाय की बोलावलं ते वाटंसाठी का पोरीच्या कुंकवासाठी." मग त्यांनी पेन काढलं. "दुसऱ्या दोघांची पानं बरोबर हायत न्हवं?"

तो क्षण मला पुढे किती वर्षं छळणार होता याची तेव्हा कल्पना नव्हती. मी तेव्हा तात्पुरता होतो. मला कायम करायची फाईल हेडक्लार्कच्या टेबलावर होती आणि हेडक्लार्क चार पावलांवर सुपारी कातरत बसला होता. मी म्हणालो, "व्हय अण्णा. सगळी बरोबर आहेत."

एका पानावर सही नसल्याने सांगलीची निविदा बाद, असं त्यांनी टिपणीत लिहिलं, खाली सही केली. साहेब चिडले, "एवढ्यासाठी?" म्हणाले, पण लिहिलेलं पुसता येत नव्हतं. मुंबईवाले अनुभवात कमी पडले. काम पुण्याला गेलं. सांगलीकराचा दराचा लिफाफा न उघडता परत द्यायचा होता, तो मीच दिला. त्याने तो छत्रीबरोबर काखेत धरला आणि मला म्हणाला, "चूक माझीच. अण्णांना सांगा, वाट मात्र बरोबर होती." मी सांगितलं नाही.

पुढचं तुम्हाला ठाऊक असल्यासारखंच आहे. कळंब्याच्या तळ्याभोवती फरशी आली, बाकडी आली, दिवे आले. सकाळी पांढरे बूट घालून लोक तिथे फिरू लागले. वाट शहराच्या कडेने नदीपर्यंत आली आणि पुलाच्या अलीकडे एका पाटीशी थांबली. पूल दुसऱ्या टप्प्यात होता. दुसरा टप्पा अजून आलेला नाही. मी कायम झालो. अण्णा निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी नारळ घेऊन चालत घरी गेले.

त्यानंतरच्या गळिताच्या हंगामात, सकाळच्या शिफ्टला जाताना, अण्णांच्या जावयाला पुलावर उसाच्या ट्रॅक्टरच्या मागच्या ट्रॉलीने ओढून घेतलं. ट्रॅक्टरवाल्याला पुढे जाईपर्यंत कळलंही नाही. मी दवाखान्यात गेलो होतो. पांढऱ्या चादरीबाहेर ते दोन रुंद पंजे तेवढे दिसत होते.

माती झाल्यावर तिसऱ्या दिवशी अण्णांनी लीलाला सगळं सांगितलं. त्यांना कोणी विचारलं नव्हतं. नकाशा, राहिलेली सही, त्यांनी लिहिलेली टिपणी. ती भिंतीला टेकून ऐकत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "एका सहीचं काम हुतं अप्पा." आणि तिने बोलणं थांबवलं. भाऊ थांबला होता तसंच. मी दारात उभा होतो, चपला पायांत. तेव्हाही बोललो नाही.

मग अण्णा रोज सकाळी पुलाशी जाऊन उभे राहू लागले. हात पाठीमागे, टोपी कपाळावर ओढलेली. ते कोणाला अडवत नव्हते, काही सांगत नव्हते. नुसते उभे. उलट ते उभे असायचे त्यामुळे सायकलवाल्यांना वळायला जागा पुरत नसे. "म्हाताऱ्या, बाजूला हो की!" असं कोणी ओरडलं की ते बाजूला होत आणि रांग पुढे गेली की पुन्हा तिथेच येत. कोणाला ते वेडे वाटले, कोणाला साधू. ते तिथे का उभे असतात ते मला ठाऊक होतं, म्हणून मी ऑफिसला जायची वाट बदलली.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यावर लीलाने त्यांना आपल्या घरी आणलं. ती शिवणकाम करायची. त्यांना वेळेवर भाकरी द्यायची, हाताला धरून मोरीपर्यंत न्यायची, पण बोलणं कामापुरतं. अण्णा कॉटवर बसून शिलाईच्या मशीनचा आवाज ऐकत राहायचे.

एका रविवारी लीलाने निरोप पाठवला की अप्पा तुम्हाला बोलवतात. मी गेलो. अण्णा फार वाळले होते. माझा हात चाचपून त्यांनी धरला.

"एक इचारायचं हुतं. तू कागद तपासलंतास. त्या पुण्याच्या लोकांची पानं... सगळी बरोबर हुती न्हवं?"

त्यांच्या डोळ्यांवर पांढरा पडदा होता, तरी मला वाटलं ते मला बघताहेत. मशीन थांबलं होतं. मी म्हणालो, "व्हय अण्णा. बरोबर होती."

त्यांनी श्वास सोडला. "मग झालं. जावई गेला ते माझ्या हातनं गेला, त्येला विलाज न्हाय. खरं माप सगळ्यास्नी एकच लावलं." असं म्हणून ते भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. थोड्याच वेळात त्यांना झोप लागली.

मी चपला घालून गल्लीत आलो तर लीला मागोमाग आली. तिच्या खांद्यावर अजून टेप होती.

"रोज रातच्याला म्हणत्यात त्ये," ती म्हणाली. "माप एकच लावलं, माप एकच लावलं. मला खरं काय ते सांगा."

ऊन डोक्यावर होतं. समोरच्या तालमीत पोरं बॉल भिंतीवर मारत होती. इतकी वर्षं जे बोलायला जीभ उचलली नव्हती, ते मी तिला उभ्या उभ्या सांगितलं. पुण्याच्या माणसाचं कपाटाआड जाणं, शिक्का मारून येणं, अण्णांनी मला विचारणं, माझं उत्तर, माझी फाईल. माझं बोलून झालं तेव्हा मला वाटलं ती माझ्या थोबाडीत मारेल. मारली असती तर मला बरं वाटलं असतं.

"मी आत जाऊन सांगतो त्यांना," मी म्हणालो. "आत्ता सांगतो."

तिने दाराच्या चौकटीवर हात आडवा धरला.

"नगं. तेवढ्यावर झोप लागती त्यास्नी."

मग पहिल्यांदाच तिने माझ्याकडे नीट बघितलं. दादा म्हणाली नाही.

"तुमास्नी लागती न्हवं?"

आणि तिने दार लावलं. थोड्या वेळाने आतून मशीन सुरू झालं.

अण्णा त्याच महिन्यात गेले. सांगायला त्या घरातून माझ्याकडे कोणी आलं नाही. दुपारी ऑफिसातून येताना तालमीच्या दारातल्या फळ्यावर खडूने लिहिलेली बातमी मी वाचली, तोवर माती होऊन लोक घरी परतले होते.